जाळीमागून बेसबॉल: तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाने मायनर लीगचे फोटो कसे काढावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीत राहणारे एक गृहस्थ मुलांना घेऊन डरहॅम बुल्स या मायनर लीगमधल्या, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च लीगच्या खालच्या पातळीवरच्या, बेसबॉल संघाच्या सामन्यांना जातात. पुण्यात असताना क्लब क्रिकेटचे फोटो काढायची सवय होती. आता हाताशी क्रॉप (लहान) सेन्सरचा कॅमेरा आणि 70-300 मिलिमीटरची झूम लेन्स आहे. तक्रारी तीन: जाळीमुळे फोटो धुरकट येतात, बॅटला चेंडू लागतानाचा क्षण कधी सापडत नाही, आणि दिवे लागले की फोटो एकतर काळे नाहीतर हललेले. प्रेसचा पास नाही आणि मिळण्याची शक्यताही नाही. मग मोठी लेन्स घ्यावी का?

लेन्स आत्ता घेऊ नका. तेच पैसे तिकिटांना लावा. मी याच मैदानावर बरीच वर्षं तिकीट काढून, प्रेक्षकांत बसून फोटो काढतोय, आणि माझा अनुभव असा की स्थानिक प्रेक्षकाची खरी ताकद पुन्हा पुन्हा जाण्यात आहे. पासवाला छायाचित्रकार येतो, दोन-तीन इनिंग काढतो, फोटो पाठवतो आणि पुढच्या कामाला लागतो. आपण तेच खेळाडू मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत बघतो. त्यात 2021 पासून मायनर लीगचं वेळापत्रकच असं बसवलंय की पाहुणा संघ मंगळवारी येतो, रविवारपर्यंत सलग सहा सामने खेळतो आणि सोमवारी सगळ्यांना सुट्टी. म्हणजे मंगळवारी एखाद्या पिचरची (चेंडू फेकणाऱ्याची) किंवा बॅटरची जी सवय लक्षात येते ती शुक्रवारी वापरता येते. मेजर लीगच्या तीन सामन्यांच्या मालिकेत ही सोय नाही. ट्रिपल-ए (मायनर लीगची सगळ्यात वरची पातळी, बुल्स तिथेच खेळतात) संघाचे घरचे सामने हंगामात 75 असतात. त्यातले जमतील तेवढे बघा, पण शक्यतो एकाच मालिकेतले दोन-तीन तरी.

आता जागेबद्दल. तुमच्या निम्म्या तक्रारी जागा बदलल्यावरच सुटतील.

जाळी आधी घेऊ. गेल्या काही वर्षांत सुरक्षेसाठी जाळ्या डगआउटच्याही (संघाच्या बसायच्या जागेच्याही) पुढे नेल्या गेल्यात, आणि ते योग्यच झालं. फाऊल गेलेला चेंडू लागून लहान मुलं गंभीर जखमी झालेली आहेत. तेव्हा जाळी टाळायचा विचार सोडून तिच्यातून काढायला शिका. जाळी फोकसच्या जितकी बाहेर जाईल तितकी ती विरघळते. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: लेन्स जाळीच्या जवळ, झूम पूर्ण ताणलेला आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) पूर्ण उघडं. पहिल्या दोन रांगांत बसून 300 वर एफ 5.6 ठेवलंत तर तारा दिसणारसुद्धा नाहीत. दहाव्या-बाराव्या रांगेतून त्याच सेटिंगवर तारा दिसत नाहीत, पण सगळ्या फोटोवर राखाडी पापुद्रा चढतो. तुमचा धुरकटपणा तो हाच. त्यातही जाळीवर ऊन पडलं असेल तर तारा चमकतात आणि फोटोचा कॉन्ट्रास्ट पार जातो. जाळीचा जो भाग सावलीत आहे त्याच्या मागची जागा घ्या, लेन्सला हूड लावा. राहिलेला पापुद्रा घरी कॉन्ट्रास्ट आणि काळा रंग थोडा वाढवून काढता येतो. कॅमेरा जाळीवरच फोकस धरून बसत असेल तर फोकसचा एकच छोटा बिंदू निवडा, तो बॅटरच्या छातीवरच्या अक्षरांवर ठेवा, आणि मध्ये काही आडवं आलं तर कॅमेऱ्याने लगेच तिकडे उडी मारू नये अशी सेटिंग मेनूत असते ती लावा. अंपायर मध्ये आला तरी हीच सेटिंग उपयोगी पडते.

मात्र पहिली रांगच नेहमी चांगली असं नाही. खाली बसलं की खेळाडू भव्य दिसतो, पण त्याच्या मागे विम्याच्या, पिझ्झाच्या, कारच्या जाहिराती येतात. पंधरा-वीस रांगा वर गेलं की मागे नुसतं गवत आणि तांबडी माती उरते. मला बेस चोरण्याचे (पिचर फेकत असतानाच धावक पुढच्या बेसकडे पळतो ते) आणि डबल प्लेचे (एकाच चेंडूवर दोघे बाद) फोटो वरूनच आवडतात. बॅटर आणि पिचर खालून. तिकीट एका जागेचं असलं तरी मायनर लीगमध्ये मंगळवार-बुधवारी बऱ्याच खुर्च्या रिकाम्या असतात. तिथल्या अशरला (जागा दाखवणाऱ्या कर्मचाऱ्याला) नीट विचारलं तर एखादी इनिंग दुसरीकडे बसू देतात. न विचारता बसू नका. हेच लोक पुढे हंगामभर भेटणार असतात.

कोणत्या बाजूला बसायचं? बॅटर होम प्लेटपाशी उभा असतो; तिथून मैदानाकडे पाहिलं तर फर्स्ट बेस उजवीकडे आणि थर्ड बेस डावीकडे. उजव्या हाताचा बॅटर प्लेटच्या थर्ड बेसकडच्या बाजूला उभा राहतो आणि त्याची छाती फर्स्ट बेसकडे असते. म्हणून उजव्या बॅटरचा चेहरा फर्स्ट बेसच्या बाजूने, डावखुऱ्याचा थर्ड बेसच्या बाजूने. पिचरचं गणित थोडं वेगळं आहे. उजव्या हाताचा पिचर पाय उचलतो तेव्हा त्याचं अंग थर्ड बेसकडे वळलेलं असतं. ग्लोव्हच्या वरून डोकावणारे डोळे हवे असतील तर तिकडून काढा. पण चेंडू हातातून सुटतानाचा क्षण फर्स्ट बेसच्या बाजूने जास्त मोकळा मिळतो, कारण फेकणारा हात पलीकडे असतो आणि चेहरा झाकत नाही. घरून निघण्यापूर्वी दोन्ही संघांचे त्या दिवशीचे पिचर बघा. ते बहुतेक वेळा आदल्या दिवशीच जाहीर होतात. डावखुरा असेल तर सगळं उलटं धरा.

आणि ऊन. बेसबॉलच्या नियमपुस्तकात सुचवलंय की होम प्लेटवरून माउंड (पिचरचा उंचवटा) ओलांडून सेकंड बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येला असावी, म्हणजे कलता सूर्य बॅटरच्या डोळ्यांवर येत नाही. शहरात जागा मिळेल तसं मैदान बसवावं लागतं, त्यामुळे सगळीकडे कोन तंतोतंत तसा नसतो. फोनवरच्या नकाशात मैदान बघून ठेवा. पण साधारणपणे संध्याकाळी सूर्य होम प्लेट आणि थर्ड बेसच्या स्टँडमागे जातो, म्हणजे थर्ड बेसच्या बाजूला बसलात तर ऊन तुमच्या पाठीशी आणि सावलीही लवकर. इकडे जूनमध्ये सूर्य साडेआठच्या सुमाराला मावळतो आणि आठवड्यातले सामने साडेसहा-पावणेसातला सुरू होतात. म्हणजे जवळजवळ दोन तास उजेड मिळतो. सप्टेंबरच्या मध्यावर हाच उजेड पाऊण तासात संपतो. तुमच्या लेन्सला जून आणि जुलै हे सोन्यासारखे महिने आहेत; सप्टेंबरात रविवारचे सामने लवकर असतात, ते धरा.

या उजेडात एक अवघड अर्धा तास येतो. स्टँडची सावली आधी बॅटरवर येते, मग हळूहळू माउंडकडे सरकते. त्या वेळात पिचर लख्ख उन्हात आणि बॅटर सावलीत असतो, दोघांच्या उजेडात दोन-तीन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). कॅमेऱ्याच्या ऑटोवर सोडलंत तर एक जळतो किंवा दुसरा बुडतो. मॅन्युअलवर या, उन्हातला पिचर मोजून ठेवा आणि तेवढी इनिंग फक्त पिचरच काढा. मागचा भाग सावलीत गेल्यामुळे पिचर काळ्या पडद्यापुढे उभा असल्यासारखा उठून येतो. माझे सगळ्यात आवडते पिचरचे फोटो याच अर्ध्या तासातले आहेत, आणि नेमकं तेव्हाच बाकीचे लोक हॉटडॉगच्या रांगेत असतात.

आता बॅट आणि चेंडूचा क्षण. ताशी 150 किलोमीटरने आलेला चेंडू 1/1000 सेकंदात चार सेंटीमीटरच्या थोडा पुढे सरकतो. चेंडूची जाडी सव्वासात सेंटीमीटर. म्हणजे 1/1000 च्या शटर वेगाला तो अर्ध्याहून जास्त पसरलेला दिसणार. 1/2000 ला फरक जाणवतो, उजेड असेल तर 1/3200 ठेवा. चेंडू आणि बॅट एकमेकांना चिकटून असतात तो वेळ एक हजारांश सेकंदापेक्षाही कमी. तुमचा कॅमेरा सेकंदाला दहा फोटो काढत असेल तर दोन फोटोंच्या मधे चेंडू चार मीटर पुढे गेलेला असतो. माउंड ते प्लेट अंतर 18.44 मीटर, पिचर पुढे झुकून सोडतो म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी, आणि हा प्रवास सुमारे 0.4 सेकंदात उरकतो. तेव्हा बटण दाबून धरलं की क्षण सापडेल ही आशा सोडा. चार फोटोंत चेंडू नेमका बॅटवर असणं हा योगायोग आहे.

योगायोग वाढवता येतो तो लयीने. ठोका ऐकून दाबलंत तर उशीर झालेलाच असतो, कारण बोटापर्यंत निरोप पोचायलाच सेकंदाचा पाचवा भाग जातो. बॅटरचा पुढचा पाय जमिनीवर टेकतो त्या वेळी दाबा. पाय टेकणं आणि बॅट प्लेटवर येणं यांतलं अंतर प्रत्येक बॅटरचं थोडं वेगळं असतं, पण त्याचं स्वतःचं फारसं बदलत नाही. पहिल्या खेपेला फक्त त्याचा पाय बघा. कोणी गुडघा छातीपर्यंत आणतो, कोणी नुसती टाच उचलून ठेवतो. दुसऱ्या खेपेला त्याच्या लयीत एकच फोटो काढा, बर्स्ट (लागोपाठ फोटो) नको. रविवारपर्यंत त्या बॅटरचा चेंडू तुम्हाला सापडायला लागेल. क्रिकेटचे फोटो काढलेल्याला ही गोष्ट लवकर जमते, बोलरच्या उडीवरून दाबायची सवय हाताला असतेच.

इथेच एक यांत्रिक गोष्ट सांगतो. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर असतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत तो चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो, आणि तेवढ्यात बॅट फिरलेली असते. फोटोत बॅट केळ्यासारखी वाकलेली येते. मेकॅनिकल शटर लावा, बॅट सरळ होईल.

दिवे लागल्यानंतर 70-300 ला खरा त्रास होतो हे मान्य. एफ 5.6 वर 1/1000 मागितला तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 12800 च्या घरात जातो. माझा सल्ला: 1/640 पर्यंत उतरा, आयएसओ 6400 किंवा 12800 जो लागेल तो लागू द्या. दाणे आलेला पण स्थिर फोटो बघवतो, हललेला चेहरा बघवत नाही. आणि विषय बदला. बॅट-चेंडू दिवसा काढून झालेले असतात. रात्री पिचरचा पाय सगळ्यात वर जाऊन क्षणभर थांबतो तो काढा, पिचरशी बोलायला माउंडवर गेलेला कोच काढा, डगआउटच्या कठड्यावर हनुवटी टेकवून बसलेले राखीव खेळाडू काढा. तिथे 1/250 सुद्धा पुरतो. फोटोंचा रंग एकामागून एक बदलत असेल, एक पिवळट तर पुढचा हिरवट, तर तो दिव्यांचा झपका आहे. अमेरिकेतली वीज 60 हर्ट्झची, त्यामुळे जुन्या पद्धतीचे दिवे सेकंदाला 120 वेळा कमीजास्त होतात. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर नावाची सेटिंग असते, ती चालू केली की कॅमेरा उजेड शिगेला असतानाच फोटो घेतो. बर्स्ट थोडा मंदावतो, पण रंग एकसारखे येतात. यानंतरही रात्रीच जास्त काढायचं वाटलं तर मग एफ 2.8 ची जुनी, वापरलेली 70-200 बघा. क्रॉप सेन्सरवर ती डगआउटमागच्या जागेवरून पुरते.

बॅटच्या पलीकडचा खेळ ओळखायला खेळाचे नियम वाचावे लागतात, आणि मला हा भाग फार आवडतो. पिच क्लॉक (पिचरने ठरावीक वेळात चेंडू फेकावा म्हणून लावलेलं घड्याळ) मायनर लीगमध्ये 2022 साली सगळीकडे आला, मेजर लीगच्या एक वर्ष आधी, आणि सामने जवळपास 25 मिनिटांनी छोटे झाले. फोटो काढणाऱ्याला त्याचा मोठा फायदा आहे: घड्याळ समोर दिसतं, त्यामुळे पिचर कधी हलणार याचा अंदाज येतो, डोळा व्ह्यूफाइंडरला लावून ताटकळावं लागत नाही. त्याच नियमात आणखी एक मेख आहे. एका बॅटरच्या खेळीत पिचरला माउंडवरून पाय काढायची किंवा बेसवरच्या धावकाकडे फेकायची मुभा दोनदाच असते. तिसऱ्यांदा फेकून धावक बाद झाला नाही तर बॉक, म्हणजे पिचरची चूक, आणि धावकाला पुढचा बेस फुकट. म्हणून दोनदा फेकून झालं की धावक पाऊलभर जास्त पुढे सरकतो आणि पळायची शक्यता वाढते. त्या वेळी बॅटर सोडा. सेकंड बेसवर फोकस करून ठेवा आणि थांबा. माती उडेल, हात बेसला लागेल, वरून ग्लोव्ह येईल, आणि तुमच्या भोवतालचे सगळे अजून होम प्लेटकडे बघत असतील. तसंच दोन बाद, तीन बॉल (अंपायरने कक्षेबाहेर ठरवलेले चेंडू), दोन स्ट्राइक असं झालं आणि फर्स्ट बेसवर धावक असेल तर तो पिचरबरोबरच पळणार हे नक्की.

ट्रिपल-एमध्ये बॉल-स्ट्राइकवर दाद मागायची पद्धत मेजर लीगच्या आधीपासून आहे. बॅटर, पिचर किंवा कॅचर (बॅटरमागे चेंडू झेलणारा), तिघांपैकी कोणीही निर्णयानंतर लगेच स्वतःच्या टोपीवर किंवा हेल्मेटवर थाप मारतो आणि चेंडूचा मार्ग मोठ्या पडद्यावर दिसतो. ती थाप अर्ध्या सेकंदात होते आणि फोटोत सुंदर दिसते. स्ट्राइक पुकारल्यावर कॅमेरा खाली घ्यायची सवय मोडा. आणखी दोन सेकंद बॅटरच्या चेहऱ्यावर थांबा. त्यानंतर सगळा संघ पडद्याकडे मान वर करून बघतो तोही फोटो आहे.

बुल्सच्या मैदानाचं स्वतःचं एक रूप आहे, ते सोडू नका. 1995 साली उघडलेलं हे मैदान जुन्या तंबाखू कारखान्याला लागून आहे. कारखान्याच्या चिमणीवर आणि पाण्याच्या टाकीवर अजून लकी स्ट्राइकचं नाव आहे. लेफ्ट फील्डला 32 फूट उंच निळी भिंत, होम प्लेटपासून फक्त 305 फुटांवर. तिच्यावर बैलाची मोठी आकृती: बुल्सचा होमरन झाला की डोळे लाल होतात, नाकपुड्यांतून धूर निघतो, शेपूट हलते. बैलाला चेंडू लागला तर स्टेक, खालच्या गवताला लागला तर सॅलड, असं त्याच्यावर लिहिलेलं आहे. होमरन झाल्यावर सगळे धावकाकडे कॅमेरा वळवतात. एखाद्या वेळी तुम्ही साधी रुंद लेन्स लावून बैल, धूर आणि पुढे उड्या मारणारी पोरं एका फ्रेममध्ये घ्या. उन्हाळ्यात इथे संध्याकाळी वादळी पाऊस येतो, तेव्हा घरी पळू नका. मैदान कर्मचारी भलीमोठी ताडपत्री ओढत धावतात, ती वाऱ्याने फुगते, आणि पाऊस थांबल्यावर तिच्यावरच्या पाण्यात दिव्यांचं प्रतिबिंब पडतं. विजा चमकत असतील तर मात्र छपराखालीच थांबा.

नियमांचं दोन ओळींत. कॅमेरा आत नेता येतो का, लेन्स किती लांब चालते, मोनोपॉड (एकपायी स्टँड) चालतो का, बॅग कोणत्या मापाची, हे प्रत्येक क्लबचं वेगळं असतं आणि हंगामागणिक बदलतं. जाण्याआधी क्लबच्या पानावर बघा. तिकिटाच्या अटींनुसार आपले फोटो वैयक्तिक वापरापुरते असतात, विकायचे नाहीत. पुढच्या माणसाच्या डोक्यावर लेन्स टेकवू नका, फ्लॅश कधीही नको. आणि दुसऱ्यांच्या मुलांचा जवळून फोटो काढायचा तर आईवडिलांना आधी विचारा. विचारलं की बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात आणि फोटो मागतातही.

शेवटी, काढलेल्या फोटोंचं काय करायचं हे तुम्ही विचारलं नव्हतं, पण मला ते फोटो काढण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. त्याच रात्री प्रत्येक निवडक फोटोला तारीख, प्रतिस्पर्धी, इनिंग आणि खेळाडूचं नाव जोडा. ट्रिपल-एचा संघ दर आठवड्याला बदलतो: कोणी वर टॅम्पा बे रेज या बुल्सच्या मेजर लीगमधल्या मूळ संघाकडे जातो, कोणी खाली, कोणी दुखापतीतून सावरायला वरून इथे काही दिवस खेळायला येतो. आज 14 नंबर घातलेला खेळाडू महिन्याभराने दुसराच असू शकतो, आणि नुसत्या नंबरवरून दोन वर्षांनी काही कळत नाही. ब्लेक स्नेल इथे पिचिंग करायचा तेव्हा त्याचे फोटो काढणाऱ्यांना तो 2018 मध्ये साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार मिळवेल हे ठाऊक नव्हतं. आता मेजर लीगमध्ये नावाजलेला बॅटर ज्युनियर कॅमिनेरोही 2024 मध्ये याच मैदानावर खेळला.

पण मी नावाजलेल्यांसाठी म्हणून हे सांगत नाही. इथले बरेच खेळाडू डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएलासारख्या देशांतून आलेले असतात, घरचे लोक सामने बघायला येऊ शकत नाहीत, आणि त्यातले अनेक मेजर लीगमध्ये एकही सामना न खेळता निवृत्त होतात. त्यांचे चांगले फोटो काढणारं तुमच्या-माझ्याशिवाय फारसं कोणी नसतं. फोटो समाजमाध्यमावर टाकताना खेळाडूचं खातं जोडा, मोठ्या आकारातला फोटो फुकट द्यायची तयारी ठेवा. त्याची आई, भाऊ, बायको तो जपून ठेवतात, आणि कधी कधी स्पॅनिशमध्ये दोन ओळींचा निरोप येतो. तुमच्या मुलांनाही यात घ्या: त्यांच्या हातात स्कोअरकार्ड द्या, प्रत्येक इनिंगला कोण आलं, कोण बाद झालं ते त्यांनी लिहायचं, फोटोंची नावं रात्री त्या कार्डावरून लावायची. येत्या मंगळवारी नवा पाहुणा संघ येतोय. पहिल्या दिवशी फर्स्ट बेसच्या बाजूची खालची दोन-तीन तिकिटं काढा आणि पहिल्या तीन इनिंग फक्त बॅटरचे पाय बघा.